गडवा मुलीचा, सातबारा कोणाचा?

चाळिशी उलटली की बाईच्या मागे एक नवीनच धास्ती लागते. रात्री अकरानंतर फोन वाजला की छातीत धस्स होतं आणि आधी माहेर आठवतं. गुडघे कुरकुरायला लागलेले असतात, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, मुलं शिकायला नागपूर-पुण्याला गेलेली असतात. आणि अशातच एक दिवस तो फोन येतोच. वडील गेले, नाहीतर आई गेली. मग एकदम जाणवतं, की आता आपल्या डोक्यावर कोणी उरलं नाही. घरातल्या मोठ्या माणसांत आता आपणच!

माझे वडील २०१२ मध्ये गेले. आई तीन वर्षांपूर्वी गेली. आजारपण आठ महिन्यांचं होतं, त्यामुळे मनाची तयारी होती म्हणायला हरकत नाही. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, अशी तयारी कधीच होत नसते. शेवटचा श्वास थांबल्यावर माणूस पोरका तो पोरकाच.

आणि मग तेराव्या दिवसापर्यंत घरात एक दुसरंच काम सुरू होतं. आईचं कपाट उघडायचं.

ज्यांनी हे काम केलं असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आईच्या कपाटात असतं तरी काय? घडी न मोडलेल्या तीन-चार साड्या, ज्या ती "लग्नाकार्यात नेसीन" म्हणून ठेवत राहिली. औषधांच्या चिठ्ठ्या. नातवाचं जावळ काढलेली पुडी. ब्लाऊजच्या कापडात गुंडाळलेले शंभर-शंभरच्या नोटांचे पुडके. आमच्या आईचा तर एकटीचा असा धड फोटोच सापडला नाही. शेवटी भावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला वेगळं काढून यवतमाळच्या स्टुडिओत फोटो मोठा करून घेतला. तुमच्याही घरी असंच झालं असेल. त्या पिढीतल्या बायका फोटोच्या वेळी नेहमी स्वयंपाकघरातच असायच्या!

भांड्यांवरची नावं

पण आईचा खरा ठेवा होता तो भांड्यांत. तिचं लग्न १९७६ सालचं. माहेर दारव्ह्याकडचं. तेव्हा मूर्तिजापूर-दारव्हा-यवतमाळ ही आपली शकुंतला गाडी धावत होती. आता ती बंद पडली. आई सांगायची, पाठवणीत भांड्यांचं पोतं याच गाडीतून आलं आणि रस्ताभर त्याचा खणखणाट ऐकून डब्यातले लोक हसत होते.

त्या काळी आहेराच्या भांड्यावर नाव टाकल्याशिवाय कोणी भांडं देत नसे. गुंड, गंज, कोपर, ताट, वाटी, सगळ्यांवर बारीक टिंबांनी कोरलेलं असायचं: अमक्याकडून, तमक्याला, लग्नाप्रीत्यर्थ, तारीख अमुक. आम्ही दोघी बहिणींनी आणि वहिनीने बसून मोजली, तर एकेचाळीस भांडी नावाची निघाली. त्यातल्या चाळीस भांड्यांवर आईचं सासरचं नाव. आणि एकच छोटा पितळी गडवा असा होता, ज्यावर तिचं माहेरचं नाव होतं. तिच्या आत्याने लग्नाच्या आधीच तिला दिलेला. ते नाव मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आईला त्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस गेल्यालाही वीस वर्षं झाली असतील. तो गडवा मी मागून घेतला. आज तो माझ्या देवघरात आहे.

जुन्या वस्तूंचा हा लळा काही आपल्यालाच आहे असं नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अनेकींनी सहलीत पाहिलं असेल. तिथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, वीस हजारांवर वस्तू. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा अवघ्या सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने त्या बापाने घरोघरच्या साध्या वस्तू जमवून हे संग्रहालय उभं केलं आणि पुढे ते सरकारच्या स्वाधीन केलं. आपण मोडीत घालतो त्याच वस्तू तिथे काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत.

आधी वहिनीला विचारा

आईच्या वस्तू वाटायची वेळ आली तेव्हा आमच्या घरी सगळ्या आत्या-मावश्या जमल्या होत्या. आपल्याकडे रीत अशी, की आईच्या वस्तूंवर पहिला मान लेकीचा. पण मी म्हटलं, आधी वहिनीला विचारू.

कारण आठ महिने आईचं सगळं केलं ते तिने. आम्ही लेकी पंधरा दिवसांनी जायचो, फळं न्यायचो, दोन दिवस राहून डोळे पुसत परत यायचो. रात्री दोन वाजता उठून आईची कूस बदलणारी वहिनी होती. आणि वाटणीच्या वेळी तीच चहा करायला आत! हे काही बरोबर नाही.

वहिनी आधी नाहीच म्हणाली. मग हळूच बोलली, "मायचा अडकित्ता न् पानाचा डबा द्या मले. दुपारी आम्ही दोघी बसत होतो." दुसरं काही तिने मागितलं नाही. एवढे वर्षं आम्हाला वाटायचं, सासू-सुनेचं बरं आहे, एवढंच. त्या दुपारच्या पानात काय काय बोलणं झालं असेल, ते त्या दोघींनाच माहीत.

लोक म्हणतात, आई गेली की माहेर संपलं. मला ते पटत नाही. आई गेल्यावर माहेर वहिनीच्या हातात असतं. तिला कपाटापासून लांब ठेवलं तर ते खरंच संपतं.

आजीच्या जुन्या लुगड्यांची आईने शिवलेली वाकळ धाकट्या बहिणीने घेतली. साड्या सगळ्यांनी एक-एक. सोन्याची दोन मण्यांची पोत आणि कानातले, एवढंच सोनं. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुष्कळ घरी यावरून तंटे होतात. रीत काहीही असो, हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याप्रमाणे बाईने मृत्युपत्र केलं नसेल तर तिच्या मालकीच्या वस्तूंवर मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखाच हक्क असतो. म्हणून ज्या बाईच्या मनात काही असेल, तिने जिवंतपणीच हाताने देऊन टाकावं, नाहीतर लिहून ठेवावं.

साडीचोळी आणि सही

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्या गोष्टीकडे येते.

मी बचत गटांच्या कामासाठी कळंब, राळेगाव, घाटंजीकडच्या गावांत जाते. तिथे एक गोष्ट मी परत परत पाहते. वडील जातात. तेरवी होते. पंगत उठते. मग भाऊ बहिणीला नवी साडी देतो, हातात बांगड्या भरतो, वडिलांची आठवण म्हणून घड्याळ नाहीतर एखादा गुंड देतो. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी अजून खळलेलं नसतं. आणि त्याच दिवसांत तिला तालुक्याला नेऊन एका कागदावर सही घेतात. तो कागद असतो हक्कसोडपत्राचा.

एका ताईला मी विचारलं, "ताई, कशावर सही केली?" ती म्हणाली, "कोनास ठाऊक बाई. भाऊ म्हने, नाव लावाचं हाय. म्या कायले विचारू? घरात मानूस गेलं होतं." दोन वर्षांनी तिचा नवरा गेला. ती लेकराला घेऊन माहेरी आली, तेव्हा कळलं की सात एकरांत तिचा आता काडीचाही वाटा नाही. तिच्याकडे बापाचं घड्याळ तेवढं होतं, तेही बंद पडलेलं.

भाऊ वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्या जिल्ह्यातलं कोरडवाहू कापसाचं शेत म्हणजे काय असतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. भावाच्या डोक्यावर कर्ज असतं. पण आठवण ही आठवण आणि हक्क हा हक्क. एकाच्या बदल्यात दुसरं घेतलं जातं आणि बहिणीला त्याचा पत्ताही नसतो, ते चुकीचं आहे.

कायदा काय म्हणतो ते साध्या शब्दांत सांगते. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या वाट्याच्या मालमत्तेत त्यांची बायको, मुलगे, मुली आणि त्यांची आई हयात असेल तर तीसुद्धा, सगळे सारखे वारस. हे १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला आणि लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. तरी वाद राहिलाच होता, की २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत का? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. हक्क जन्माने आहे, म्हणून वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही.

आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध, परधान भगिनी पुष्कळ आहेत. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रूढी पाहतात. पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीला वगळणारी रूढी आहे असं सिद्ध झालं नसेल, तर केवळ बाई म्हणून तिला वाटा नाकारता येणार नाही. त्या कुटुंबातल्या बाईच्या वारसांना त्यामुळे वाटा मिळाला.

आमच्या घरी काय झालं

दुसऱ्याला सांगताना स्वतःच्या घरचंही सांगायला पाहिजे. वडील गेले तेव्हा भावाने वारस नोंद केली आणि सहा एकरांच्या सातबाऱ्यावर चौघांची नावं लागली: आई, भाऊ आणि आम्ही दोघी. गावातल्या काही जणांनी त्याला म्हटलं, "बहिनीचे नावं कायले लावतं? डोकेदुखी होते मंग." तो म्हणाला, "बापाच्या लेकी हायत ना? राहू द्या." सातबारा हातात घेऊन आईने आपलं नाव आम्हाला दोनदा वाचून दाखवायला लावलं. छत्तीस वर्षं त्या शेतात निंदण-खुरपण करून, कापूस वेचून, कागदावर तिचं नाव तेव्हा पहिल्यांदा आलं. भांड्यांवर चाळीस वेळा आलेलं नाव शेतावर यायला नवऱ्याला जावं लागलं!

आई गेल्यावर आम्ही भावंडांनी एक ठरवलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणत्याच कागदावर कोणीच सही करायची नाही. नावं लावायची ती लावू, पण देणं-घेणं नंतर. वर्ष झाल्यावर बसलो. मी माझा वाटा भावाला लिहून दिला. माझ्या घरचं बरं चाललं आहे आणि आई-वडिलांचं म्हातारपण भाऊ-वहिनीने काढलं, याचं काहीतरी मोल आहे की नाही? पण धाकटीचा नवरा २०१५ मध्ये अपघातात गेला. तिला दोन मुलं आहेत. तिने वाटा ठेवला. भावाला ते सुरुवातीला जड गेलं, पाच-सहा महिने बोलणं तुटक होतं. राखीला ती गेली तेव्हा वहिनीने दार उघडलं आणि पाटावर ताट वाढलं. आज तिचे दोन एकर भाऊच ठेक्याने करतो. दर उन्हाळ्यात ठरलेली रक्कम तिला देतो आणि त्यातून भाच्याची फी भरली जाते.

मी वाटा सोडला, तिने ठेवला. दोन्ही बरोबर, कारण दोघींनी समजून-उमजून केलं. माझा आग्रह एवढाच आहे.

ज्यांचा नवराच अकाली गेला, त्यांचं तर विचारूच नका. यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं, हे आपण सगळ्यांनी अभिमानाने पाहिलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. 'तेरवं' नावाच्या नाटकात त्यांनी काम केलं. नवऱ्याच्या मागे राहिलेल्या बायांचं दुःख त्या नाटकात अशाच बाया स्वतः उभं करतात. तेरवीला पाहुणे जेवून जातात, पण शेत कोणाच्या नावावर लागणार, हा प्रश्न त्या बाईच्या ताटात तसाच राहतो.

एवढं लक्षात ठेवा

घरात कोणी गेलं, तर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी अर्ज करावा. पूर्वीच्या तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे तो द्यायचा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं त्यात लागतात. कोणाचं नाव सुटलं असेल तर आधी तिथेच हरकत घ्यावी. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली, ती याचसाठी. किती तरी सातबाऱ्यांवर आजे-पणजे अजून मालक म्हणून बसलेले होते.

नाव लागणं म्हणजे वाटणी होणं नव्हे आणि नाव लागलं म्हणून भाऊ-बहीण वैरी होत नाहीत. हक्कसोडपत्र मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला पक्का दस्त असतो. एकदा झाला की फिरवणं फार कठीण. म्हणून सही करण्याआधी तो घरी आणून वाचावा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्यावा. "उद्या करते" म्हणण्यात भांडण नाही.

मृत्युपत्र करायला स्टँप पेपरच हवा असं नाही. साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा केला आणि त्या दोघांनी सह्या केल्या, की ते चालतं. नोंदवलं तर अधिक चांगलं.

आणि आता आपल्या पिढीबद्दल. स्वीडन देशात मार्गारेटा मॅग्नुसन नावाच्या एका आजीबाईंचं पुस्तक २०१७ मध्ये गाजलं. म्हातारपण आलं की आपला पसारा आपणच आवरून ठेवावा, मागच्यांवर ते काम टाकू नये, असं त्यांचं सांगणं. आपल्या आज्यांना हे सांगायला पुस्तक लागलं नाही. "मी गेल्यावर हे तुले" म्हणत त्या एकेक वस्तू नातींच्या हातात ठेवतच होत्या. आपण मात्र माळ्यावर डबे रचतो आहोत, आणि आपल्या मुलांना त्यातल्या कोणत्या डब्याचं काय महत्त्व, ते ठाऊक नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. प्रत्येक जुन्या वस्तूपुढे दोन ओळी: कोणी दिली, कधी दिली, माझ्या मागे कोणाला द्यायची. शेवटच्या पानावर शेताचा गट नंबर, घराचे कागद कुठे आहेत, पोस्टातल्या खात्याचं पासबुक कुठे आहे. वस्तू आणि कागद एकाच वहीत. लेकाला आणि लेकीला, दोघांनाही ती एकत्र बसवून दाखवली. लेक हसली, म्हणाली, "आई, आत्ताच कशाला?" मी म्हटलं, आत्ता हसत दाखवते आहे, तेच बरं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव लावणं सक्तीचं झालं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आपल्या नाती शाळेत जातील तेव्हा त्यांच्या दाखल्यावर त्यांच्या आईचं नाव असेलच. शेताच्या आणि घराच्या कागदावर ते आणायचं काम मात्र आपल्यालाच करायचं आहे.

ज्यांची आई अजून आहे, त्यांनी या दिवाळीला माहेरी गेलात की तिच्याजवळ निवांत बसा. कोणतं भांडं कोणी दिलं, ते विचारा. तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं, ते विचारा. आणि उठता उठता एवढंही विचारून घ्या, "माय, सातबाऱ्यावर तुझं नाव हाय का?"